कळवा ते न्हावा शेवा : इंटरनॅशनल बिझनेस शिकतानाचा माझा अनुभव

बाबा दिघ्याला एका कंपनीत डिस्पॅचला होते, तेवीस वर्षं. पंपांचे पार्ट बाहेर जायचे तिथून. लाकडी पेटी बंद झाली की तिच्यावर पत्र्याचा स्टेन्सिल धरायचा आणि काळ्या रंगाने मार्किंग मारायचं हे त्यांचं काम, म्हणजे माल घेणाऱ्याच्या नावाची अक्षरं, बंदराचं नाव, वजन आणि बारापैकी कितवी पेटी. रात्री घरी आले की उजव्या हाताच्या नखांत तो रंग असायचा. मोंबासा, जेबेल अली, हॅम्बुर्ग ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकली. आई विचारायची आज काय होतं, आणि ते नुसतं "मोंबासा" म्हणून जेवायला बसायचे.

हे आधी सांगितलं कारण आमच्या कळव्यातल्या बिल्डिंगमधली मुलं मला सारखी विचारतात, ताई इम्पोर्ट-एक्स्पोर्टमध्ये स्कोप आहे का, कुठला कोर्स करू. जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे सगळं नीट लिहितेय.

माझं बीकॉम २०२१ ला झालं, म्हणजे शेवटचं दीड वर्ष मोबाइलवरच. त्याच वर्षी २३ मार्चला सुएझ कालव्यात ते एव्हर गिव्हन जहाज आडवं झालं, ४०० मीटर लांबीचं, सहा दिवस अडकून होतं. सगळे लोक बातम्या बघत होते पण आमच्या घरात ती बातमी वेगळी होती, बाबा टीव्हीसमोर उभे राहून म्हणाले, "आता युरोपचे कंटेनरचे डबे थांबणार, ओव्हरटाइम गेला महिनाभर." आणि खरंच गेला. इजिप्तमध्ये जहाज रुततं आणि दिघ्यात एका माणसाचा ओव्हरटाइम बंद होतो ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. तोपर्यंत मी बँकेच्या परीक्षा द्यायच्या असंच धरून चालले होते.

मग शोधायला लागले. सगळ्यात आधी नाव येतं ते आयआयएफटीचं, दिल्लीची इन्स्टिट्यूट, १९६३ ची, केंद्र सरकारने परकीय व्यापारासाठीच काढलेली. त्यांची प्रवेश परीक्षा दिली, नाही निघाली. आणि निघाली असती तरी फीचा आकडा बघून घरात काय बोलले असते मला माहीत नाही. शेवटी वाशीतल्या एका संस्थेत एक वर्षाचा पीजी डिप्लोमा घेतला, संध्याकाळी सहा ते नऊ, सकाळी मी शिकवण्या घ्यायचे त्यातून अर्धी फी निघाली. माहितीपत्रकावर सूट घातलेली मुलं, मागे जहाज आणि विमान, आणि खाली "ग्लोबल करिअर" असं लिहिलेलं. मी त्या फोटोवर पूर्ण विश्वास ठेवला होता, हे सांगायला मला काही वाटत नाही, बावीसाव्या वर्षी ठेवतोच माणूस.

पहिले दोन महिने थिअरी. रिकार्डो नावाचा इंग्रज अर्थतज्ज्ञ, १८१७, इंग्लंडने कापड करावं आणि पोर्तुगालने वाइन, दोघांचा फायदा. मग बॅलन्स ऑफ पेमेंट, मग डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना, १९९५ ला सुरू झाली, त्याआधी गॅट नावाचा करार. हे सगळं खरं आहे आणि पुढे उपयोगीही पडतं पण तेव्हा मला वाटायचं की मी व्यापार शिकतेय की इतिहास. इन्कोटर्म्स, म्हणजे दोन देशांतल्या सौद्याच्या ठरलेल्या अटी, त्या तर आम्ही पाढ्यासारख्या पाठ केल्या, २०२० च्या आवृत्तीत अकरा आहेत, एक्स वर्क्सपासून डीडीपीपर्यंत, कुठल्या टप्प्याला खर्च कोणाचा आणि रिस्क कोणाची. परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते.

खरा फरक पडला तो कस्टम प्रोसिजर शिकवणाऱ्या सरांमुळे. कस्टम्समधून रिटायर झालेले, साठीच्या पुढचे, खादीचा शर्ट, फळ्यावर फार लिहायचे नाहीत. पहिल्याच लेक्चरला म्हणाले, उद्या प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आणि तिचा एचएस कोड शोधायचा. एचएस म्हणजे जगभर मालाला दिलेला आकडा, पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, आपल्याकडे पुढे दोन जोडून आठ होतात. मी आईने केलेलं कैरीचं लोणचं नेलं. मला वाटलं आंबा म्हणजे फळ, फळांचं चॅप्टर आठवं, झालं. सरांनी बरणी हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "हे फळ राहिलं का आता? ह्यात मीठ, तेल, मोहरी गेली. हे विसाव्यात गेलं." ताजा आंबा आठव्यात, लोणचं विसाव्यात, बाटलीतला आंब्याचा ज्यूस पण विसाव्यातच पण वेगळ्या हेडिंगला. ताजा कांदा ०७०३ आणि तोच कांदा वाळवला की ०७१२. आकडा बदलला की ड्युटी बदलते, लायसन्स बदलतं, कधी कधी बंदी लागू होते किंवा होत नाही. वस्तूकडे इतक्या नीट बघायचं असतं हे मला त्या बरणीने शिकवलं. बाकी मुलांनी काय काय आणलं होतं, एकाने क्रिकेटचा बॉल, एकीने गजरा, सर प्रत्येकावर पंधरा मिनिटं बोलले, त्या दिवशी नऊला सुटणारा क्लास पावणेदहाला सुटला आणि माझी ठाण्याची गाडी गेली.

प्रोजेक्टला मी हापूस घेतला कारण वाशीचं एपीएमसी मार्केट क्लासच्या जवळ होतं. मे २०१४ मध्ये युरोपियन युनियनने आपला आंबा बंद केला होता, फळमाशी सापडली म्हणून, आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, हे मला माहीत होतं, पण मधल्या काळात काय बदललं हे मार्केटात गेल्यावर कळलं. वाशीतच पणन मंडळाच्या सुविधा आहेत, तिथे युरोपला जाणारा आंबा ४८ अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, जपानला जाणाऱ्याला वाफेची प्रक्रिया, अमेरिकेला जाणाऱ्यावर विकिरण. आंबा त्याच देवगडच्या बागेतला, पण कुठल्या देशात जाणार त्यावर त्याची वाट ठरते आणि प्रत्येक वाटेचं सर्टिफिकेट वेगळं. मार्केटातल्या एका व्यापारी काकांनी मला अर्धा तास उभ्याने समजावलं, पेटीतला एक आंबा कापून हातात दिला आणि म्हणाले, "बाहेर पाठवायचा आंबा झाडावर असतानाच ठरतो बाळा, इथे येऊन कोणी ठरवत नाही." माझ्या रिपोर्टमध्ये सगळ्यात चांगली ओळ तीच होती.

कोर्स संपला आणि नोकरी शोधायला सुरुवात केली तेव्हा मात्र जड गेलं. साडेतीन महिने, अकरा इंटरव्ह्यू. वाशी, बेलापूर, एक अंधेरीला. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव आहे का. सीबीडी बेलापूरच्या एका ऑफिसमध्ये समोरच्या बाईंनी विचारलं, "शिपिंग बिलाची चेकलिस्ट कधी हातात घेतलीयस?" मी खरं सांगितलं, नाही. एक वर्ष कोर्स केला आणि ज्या कागदाशिवाय देशातून एक खोकं बाहेर जात नाही तो कागद मी पाहिलेला नव्हता. हा माझा राग आजही आहे, संस्थेचं नाव घेत नाही, पण कोर्स निवडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, आधी जाऊन विचारा की खरी शिपिंग बिलं, खरे बीएल (माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती), खरी एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) दाखवणार का आणि सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर भरतात-रिकामे करतात तिथे, नेणार का. नाही म्हणाले तर फी वाचवा.

शेवटी बेलापूरच्याच एका सीएचएकडे लागले, सीएचए म्हणजे कस्टम हाउस एजंट, कायद्यात आता कस्टम ब्रोकर म्हणतात पण बोलताना सगळे सीएचएच म्हणतात. पगार साडेतेरा हजार. काम डेटा एन्ट्री. एक्स्पोर्टरकडून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट यायची, ती सिस्टीममध्ये भरायची, चेकलिस्ट काढायची, पार्टीला म्हणजे त्या एक्स्पोर्टरला पाठवायची, त्यांनी ओके दिलं की आइसगेटवर, कस्टम्सच्या पोर्टलवर, फाइल करायचं. पहिल्या आठवड्यात मला रडू आलं होतं ट्रेनमध्ये, तुर्भ्याच्या आसपास, की ह्यासाठी का शिकले. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की माझ्यासमोरून रोज जग जातंय. भिवंडीचं कापड लागोसला, तळोज्याचं केमिकल व्हिएतनामला, मसाला मार्केटमधली हळद दुबईला. आणि प्रत्येक कागदात एक माणूस असतो. पहिल्यांदा एक्स्पोर्ट करणारा ओळखू येतो, त्याच्याकडे आयईसी म्हणजे इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा कोड असतो (आता पॅन नंबरच आयईसी असतो, डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या परकीय व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपये भरून निघतं) पण बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा नंबर) रजिस्टर केलेला नसतो, आणि माल दारात उभा. मग तो फोनवर घाबरून बोलत असतो आणि आपण शांतपणे सांगायचं की दादा आधी हे करा मग ते करा. मला ते काम आवडायला लागलं.

सहा महिन्यांनी मी मागे लागून फील्डवर, म्हणजे न्हावा शेवा बंदराकडे गेले. बॉस आधी नाही म्हणत होते, मुली फील्डला जात नाहीत असं त्यांचं मत, शेवटी एच कार्ड, म्हणजे कस्टम ब्रोकरच्या माणसाचं ओळखपत्र, काढून दिलं. तेव्हा उरण लाइन पूर्ण झाली नव्हती, खारकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मिळेल ते वाहन (१२ जानेवारी २०२४ नंतर उरणपर्यंत गाडी गेली, आता न्हावा शेवा नावाचं स्टेशनच आहे). आमचा फील्डचा मुलगा तिकडच्याच गावातला. जासईवरून जाताना त्याने हुतात्म्यांचं स्मारक दाखवलं, हात जोडले, मीही जोडले. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि साडेबारा टक्क्यांची योजना, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची, त्या लढ्यातून आली. बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. तो म्हणाला, "आमची मिठागरं होती तिथं." आम्हाला पोर्ट इन्फ्रास्ट्रक्चर नावाचा आख्खा पेपर होता, त्यात बर्थची (जहाज लागतं त्या धक्क्याची) लांबी होती, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसतं) होता, ह्यातलं एक अक्षर नव्हतं. मला वाटतं असायला हवं. ह्या बंदरातून २०२३-२४ मध्ये ६४ लाखांच्या वर टीईयू गेले-आले, टीईयू म्हणजे वीस फुटी एक डबा, आणि तो प्रत्येक डबा कोणाच्या तरी मिठागरावरून जातो.

द्रोणागिरीच्या सीएफएसमध्ये पहिल्यांदा कंटेनर एक हात अंतरावरून पाहिला. कागदावर मी शेकडो नंबर टाइप केले होते, चार अक्षरं सात आकडे, पण दारावरचा तो नंबर हाताने चाचपल्यावर तो खरा झाला. फील्डच्या मुलाने शिकवलं की शेवटचा आकडा चौकटीत असतो, तो चेक डिजिट, आधीच्या दहा अक्षर-आकड्यांच्या गणितावरून निघतो, म्हणजे मधला एक आकडा चुकला तरी सिस्टीमला बहुतेक वेळा कळतं. लाकडी पेटीवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि एचटी अशी अक्षरं होती, लाकूड ५६ अंशाला अर्धा तास तापवलंय ह्याचा शिक्का, म्हणजे कीड जात नाही दुसऱ्या देशात. बाबांच्या तोंडी हा "एचटीचा शिक्का" मी कितीदा ऐकला होता आणि कधी विचारलं नव्हतं की म्हणजे काय. तिथून मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "शिक्का दोन बाजूंना असला पाहिजे, बघ दुसऱ्या बाजूला आहे का." होता.

इन्कोटर्म्सचंही तिथेच डोक्यात शिरलं. आपल्याकडे जो तो एफओबी (फ्री ऑन बोर्ड) लिहितो, एफओबी न्हावा शेवा, पण एफओबीमध्ये रिस्क माल जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडे जाते, आणि कंटेनरचा माल तर आपण कितीतरी आधी सीएफएसला नाहीतर टर्मिनलला सोपवून मोकळे होतो. मधल्या दोन-चार दिवसांत काही झालं तर रिस्क अजून आपलीच. नियम करणारेच सांगतात की कंटेनरला एफसीए वापरा, त्यात माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की रिस्क सरकते. पैकीच्या पैकी मार्क मिळवूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, गेटबाहेर ट्रकची रांग पाहिल्यावर पडला.

मग डिसेंबर २०२३. सात तारखेला नोटिफिकेशन निघालं आणि आठपासून कांद्याची निर्यात बंद, ३१ मार्चपर्यंत. त्या दोन दिवसांत आमच्या ऑफिसमध्ये कोणी नीट जेवलं नाही. कोणाचं शिपिंग बिल फाइल झालंय, कोणाचा माल कस्टम्सच्या ताब्यात गेलाय, कोणाचा ट्रक अजून नाशिकहून निघालाय, एकेका तासाला अर्थ आला होता. एका पार्टीचा माल रस्त्यात होता, मालक फोनवर एवढंच विचारत होते की "काहीच नाही का होणार", आणि मला खरं उत्तर द्यावं लागलं. इकडे भाव पडले, आई भाजी घेऊन आली आणि म्हणाली कांदा स्वस्त झालाय, आणि मी पहिल्यांदा तिच्यावर उगाच चिडले. तिचं काय चुकलं होतं. बंदी मार्चनंतरही चालू राहिली, ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के ड्युटी लावून. पॉलिसी हा विषय मला कोर्समध्ये सगळ्यात कंटाळवाणा वाटायचा. आता मी डीजीएफटीची नोटिफिकेशनं सकाळच्या चहाबरोबर वाचते, कारण एका पानावर कोणाची तरी वर्षाची कमाई असते आणि आपल्याला ती दोन तास आधी कळली तर फरक पडतो. त्याच काळात लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होते, युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त, भाडी चढली. पार्टी विचारायची माझा डबा कुठाय आणि मी नकाशा उघडून केप ऑफ गुड होप दाखवायचे.

आता ती गोष्ट, जी मी कोणाला फारशी सांगितलेली नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात मी डॉक्युमेंटेशन बघत होते, पगार बावीस हजार झाला होता. रबाळे एमआयडीसीतली एक छोटी कंपनी, बावीस कामगार, व्हॉल्व्ह बनवतात, त्यांची मोंबासाची ऑर्डर होती. ३८ हजार डॉलरची एलसी. एलसीमध्ये बँक मालाकडे बघत नाही, फक्त कागदाकडे बघते, हा यूसीपी ६०० चा, म्हणजे एलसीच्या जगभरच्या नियमांचा, पायाच आहे. कागद एलसीशी जुळले तर पैसे, नाही जुळले तर खरेदीदाराची इच्छा. आणि एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत गेले पाहिजेत. कस्टम्ससाठीचं इन्व्हॉइस बरोबर होतं. पण बँकेसाठी एलसीच्या फॉरमॅटमध्ये वेगळं करायचं होतं, एलसी नंबर, तारीख, मालाचं वर्णन जसंच्या तसं, तीन ओरिजिनल सहीनिशी. ते मी टाइप केलं. त्या दिवशी अजून चार शिपमेंट होत्या, बीएल उशिरा आला होता, मालकांनी विश्वासाने न बघता सह्या केल्या, कागद विसाव्या दिवशी बँकेत गेले.

एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी, पावणेबाराला फोन. ठाण्याच्या शाखेतल्या फॉरेक्स डेस्कवरच्या मॅडम. "तुमच्या एलसीत मॉडेल ४१५८ आहे, इन्व्हॉइसला ४५१८ दिसतंय. कुठलं खरं?"

मी एलसी उघडली. ४१५८. माझी फाइल उघडली. ४५१८. दोन आकड्यांची अदलाबदल. स्पेलिंगची चूक असती, एखादं अक्षर गळलं असतं आणि अर्थ तोच राहिला असता तर बँका एवढं धरत नाहीत, पण मॉडेल नंबर बदलला म्हणजे माल बदलला. मॅडम म्हणाल्या, "आज चारपर्यंत बदलून आणा. आजचा दिवस गेला तर मी काही करू शकत नाही."

इन्व्हॉइस कंपनीच्या लेटरहेडवर लागतं, सही मालकांची लागते, शिक्का त्यांच्या ऑफिसमध्ये. मी बेलापूरला, ते रबाळ्याला, बँक नौपाड्यात. बाहेर धो धो पाऊस. बॉसना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले नीघ. फाइल मेल केली, मालकांना फोन केला की लेटरहेडवर चार कॉप्या काढून ठेवा. बेलापूरहून ठाण्याची गाडी बारा पस्तीसला मिळायला हवी होती ती एक वाजून गेल्यावर आली, घणसोलीच्या अलीकडे वीस मिनिटं उभी. डब्यात मी उभीच होते, पिशवी छातीशी धरून, त्यात नुसती एलसीची झेरॉक्स होती.

रबाळ्याला उतरून रिक्षाने कंपनीत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. मालक गेटवर छत्री घेऊन उभे होते. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "अगं, पुढच्या आठवड्यात पगार आहेत." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी ह्या ऑर्डरवर बँकेकडून पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कर्ज, उचललं होतं, त्याच पैशांत लोखंड आलं होतं. आत शॉप फ्लोअरवर माणसं काम करत होती, एक काका लेथवर, दोघं जण पॅकिंगला, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी टेबलावर बसून नंबर तपासला, परत तपासला, मालकांनी सह्या केल्या, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत मी कागदांवर फुंकर घालत होते.

परत स्टेशन, परत गाडी, ठाणे. बँकेत पोचले तीन पंचवीसला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल कोरडी होती, मी नव्हते. मॅडमनी कागद घेतले आणि इन्व्हॉइसवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचला, चार, एक, पाच, आठ, आणि समोरच्या एलसीवर दुसऱ्या हाताने टिक केली. मग वजन. मग रक्कम. मग बंदर. सगळं वाचून झाल्यावर पावतीवर शिक्का मारला, तारीख टाकली आणि मला म्हणाल्या, "बस दोन मिनिटं, पाणी पी." पैसे नंतर वेळेत आले. त्यांनी आदल्या दिवशी आलेले कागद दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत वाचले म्हणून ते आले. नियमाने बँकेला पाच कामाचे दिवस असतात, त्या पाचही घेऊ शकल्या असत्या.

घरी गेले, बाबांना सगळं सांगितलं. ते आता रिटायर आहेत. चहा पिता पिता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू नंबर कसा तपासतेस?" म्हटलं, वाचते आणि बघते. म्हणाले, "पुढून वाचलं की डोळा जे हवं ते वाचतो. आम्ही स्टेन्सिल लावला की मागून वाचायचो. एक जण कागद धरायचा, एक जण पेटीकडे, आणि शेवटच्या आकड्यापासून मोठ्याने." तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पेटी चुकीच्या मार्किंगने गेली नाही, हे आई मधेच म्हणाली, बाबा काही बोलले नाहीत.

ह्या वर्षी मी जी कार्डच्या (एच कार्डाच्या वरच्या, परीक्षा देऊन मिळणाऱ्या कार्डाच्या) परीक्षेचा अभ्यास करतेय, कस्टम्स ॲक्ट १९६२ आणि त्याखालचे नियम, रात्री साडेनऊ ते साडेअकरा. ऑफिसमध्ये दोन महिन्यांपूर्वी एक नवीन मुलगी आलीय, ऐरोलीची, तिचाही डिप्लोमा, तिनेही शिपिंग बिल कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिला पहिल्याच आठवड्यात सीएफएसला घेऊन गेले, डब्याचा नंबर हाताने चाचपायला लावला. आता कागद बँकेत जायच्या आधी आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसतो, तिच्याकडे एलसी, माझ्याकडे इन्व्हॉइस. तिने सुरुवात करायची, शेवटच्या आकड्यापासून. आठ. पाच. एक. चार.